हलत होता, म्हणून काय झालं? ब्लॉक की चार्ज, याचा उलगडा

बास्केटबॉल सामन्याचं शेवटचं मिनिट चालू आहे. चेंडू घेतलेला खेळाडू उजवीकडून रिंगकडे झेपावतो, बचावाचा एक जण आडवा येतो, छातीला छाती भिडते आणि बचाववाला धाडकन पाठीवर पडतो. शिट्टी वाजते, पंचांची मूठ वर जाते. पुढच्या क्षणी सगळ्या मैदानाची नजर त्यांच्या दोन हातांवर असते. दोन्ही हात कमरेवर गेले तर ब्लॉकिंग, म्हणजे चूक बचाववाल्याची. एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर आपटली तर चार्जिंग, म्हणजे चूक चेंडूवाल्याची. संकेत कुठलाही असो, अर्धं मैदान ओरडणार हे ठरलेलं.

नव्या प्रेक्षकाचा इथे एक घोळ होतो, तो आधीच मिटवू. उडी मारून समोरच्याचा शॉट हाताने अडवला की त्यालाही आपण ‘ब्लॉक’ म्हणतो, पण तो चांगला खेळ आहे. ब्लॉकिंग हा फाउल वेगळा. त्यात चेंडू नाही, माणूस अडवलेला असतो, आणि तोही नियमबाह्य पद्धतीने.

फरक किती पडतो बघा. ले-अप (रिंगजवळ झेपावत टाकलेला शॉट) आत गेला आणि ब्लॉकिंग दिलं, तर दोन गुण धरले जातात आणि वर एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचा एका गुणाचा शॉट, मिळतो. तोच धक्का चार्जिंग ठरला आणि तो लागताना चेंडू अजून हातात होता, तर बास्केट रद्द होते आणि चेंडू समोरच्या संघाकडे जातो. एका शिट्टीत तीन गुणांची उलथापालथ. शिवाय फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर (अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये सहा), त्यामुळे संघाच्या मुख्य खेळाडूवर चौथा फाउल लागलेला असेल तर प्रशिक्षक शिट्टीआधीच उभा राहिलेला असतो. आपल्याकडे शाळेपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत फिबाचेच नियम चालतात. म्हणून इथे मुख्यतः तेच धरले आहेत, आणि अमेरिकेत काही वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी ओरड: ‘अहो सर, हलत होता तो!’ कॉमेंट्रीत ऐकून ऐकून पक्की झालेली ही समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. चार्ज मिळवायला बचाववाल्याने पुतळ्यासारखं उभं असावं, असं नियमात कुठेही नाही. नियम मागतो ती ‘कायदेशीर बचाव स्थिती’. ती मिळवायला गोष्टी दोनच: धड आणि चेहरा प्रतिस्पर्ध्याकडे, आणि दोन्ही पाय जमिनीवर. हे एकदा झालं की स्थिती मिळाली, आणि मिळण्याआधी त्याने धक्का दिलेला नसला पाहिजे. त्यानंतर तो जागीच राहू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो. सरकताना एक पाय, किंवा क्षणभर दोन्ही पाय हवेत असले तरी चालतं. धक्का बसतोय असं दिसल्यावर त्याने अंग वळवलं, थोडं वाकला, छातीसमोर हात घेतले तरी तो हक्क जात नाही, फक्त हे सगळं स्वतःच्या जागेत राहून व्हायला हवं. काय चालत नाही? पुढे घुसणं, आणि स्थिती मिळाल्यावर कंबर, गुडघा किंवा खांदा बाहेर काढून वाटेत आडवा घालणं.

‘स्वतःची जागा’ म्हणजे काय, तर नियमातली सिलिंडरची कल्पना. प्रत्येक खेळाडूभोवती जमिनीपासून वरपर्यंत एक अदृश्य नळकांडं उभं आहे असं समजा. पुढची भिंत तळहातांपर्यंत, मागची नितंबांपर्यंत, बाजूच्या भिंती हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. हात पुढे धरायचे तर कोपरात वाकवून, आणि पाय व गुडघे जिथवर आहेत तिथवरच. पायांतलं अंतर उंचीच्या प्रमाणात असावं. पाच फुटी मुलाने रस्ता रोखायला चार फूट पाय फाकवले आणि चेंडूवाला त्याच्या गुडघ्याला अडखळला, तर बचाववाला कितीही स्थिर असला तरी फाउल त्याचाच. म्हणूनच धक्का अंगावर कुठे लागला याला इतकं महत्त्व. छातीच्या मधोमध लागला तर बचाववाला त्या जागी आधी पोहोचला होता असं मानायला आधार मिळतो. खांद्याच्या टोकाला, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पुढे काढलेल्या कमरेला लागला, तर बहुतेक वेळा तो उशिरा पोहोचलेला असतो.

चेंडूवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र बचाववाल्याने कायम लक्षात ठेवावी. चेंडूवाल्याचं डोकं आणि खांदे बचाववाल्याच्या धडाच्या पुढे निघून गेले, की त्यानंतरच्या धक्क्याची जबाबदारी बरीचशी बचाववाल्यावर जाते. शर्यत हरल्यावर बाजूने कंबर मारणं हा ब्लॉकिंगचा सगळ्यात नेहमीचा नमुना. त्यात चर्चा करण्यासारखं फारसं काही नसतं.

वेळ आणि अंतर या मुद्द्यावर लोक जास्त फसतात. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला समोरच्याने थांबायला वेळ द्यावा, जागा सोडावी, असं बंधन नाही. चेंडूवाल्याने सेकंदाच्या काही भागातही कुणीतरी समोर येईल हे गृहीत धरून थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची तयारी ठेवायची असते. चेंडू नसलेल्या खेळाडूचं तसं नाही. तो पळत असताना त्याच्या वाटेत उभं राहायचं तर त्याच्या वेगाच्या हिशेबाने अंतर सोडावं लागतं, आणि ते एका साध्या पावलापेक्षा कमी कधीच चालत नाही. म्हणजे तोच बचाववाला, तितक्याच अंतरावर, तितक्याच उशिरा उभा राहिला, तरी समोरच्याच्या हातात चेंडू आहे की नाही यावर निर्णय बदलू शकतो. प्रेक्षकाला हा अन्याय वाटतो. पण ज्याच्या हातात चेंडू त्याचं लक्ष समोर असतं, आणि पासची वाट बघत पळणाऱ्याची मान मागे वळलेली असते, हे ध्यानात घेतलं की नियमामागचं कारण कळतं.

खरी रस्सीखेच सुरू होते चेंडूवाला उडाल्यावर. हवेत गेलेल्या माणसाला ब्रेक नसतो. म्हणून नियम त्याला दोन हक्क देतो: जिथून उडाला तिथे परत उतरण्याचा, आणि दुसरीकडे उतरायचं असेल तर तो उडाला तेव्हा मोकळ्या असलेल्या वाटेने मोकळ्या जागी उतरण्याचा. तो उडाल्यानंतर त्या वाटेत कुणी शिरलं, तर शिरणारा कितीही शांतपणे छातीवर हात बांधून उभा असो, फाउल त्याचाच. हवेतल्या माणसाच्या खाली पाय सरकवणं तर याहून वाईट. ते बहुतेकदा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) फाउल ठरतं आणि प्रसंगी खेळाडू सामन्याबाहेर जातो. घोटा आणि पाठीचा कणा यांचं नुकसान तिथेच होतं, म्हणून तिथे पंचांनी सौम्यपणा दाखवूच नये.

तेव्हा प्रश्न एकच उरतो: बचाववाला कधी पोहोचला? ‘कधी’चं घड्याळ मात्र सगळीकडे एकाच क्षणी थांबत नाही. फिबात पाहतात तो क्षण चेंडूवाल्याचा पाय जमीन सोडण्याचा. एनबीएमध्ये चेंडूवाल्याची शॉटसाठी वर जाण्याची हालचाल सुरू होण्याआधीच बचाववाला जागेवर हवा. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 2023-24च्या हंगामापासून उडीसाठी पाय टेकवला जातो तो क्षण धरतात. त्याआधी तिथेही उडण्याचाच क्षण धरला जायचा. कागदावर हा फरक पापणी लवण्याएवढा दिसतो, पण त्याने बऱ्याच चार्जचे ब्लॉक होतात, कारण मदतीला धावून येणारा बचाववाला नेमका त्याच पापणीभर वेळात पोहोचत असतो. टीव्हीवर एनबीए पाहून आपल्या मैदानावर पंचांशी वाद घालणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

निर्णय किती बारीक असतो याचं गाजलेलं उदाहरण 31 मे 2018चं, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं. एनबीए अंतिम मालिकेचा पहिला सामना. क्लीव्हलँड 104, गोल्डन स्टेट 102, घड्याळात जेमतेम 36 सेकंद. गोल्डन स्टेटचा केविन ड्युरँट रिंगकडे निघाला, क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स बाजूने मदतीला आला, धक्का झाला, पंचांनी चार्ज दिला. मग ते मॉनिटरकडे गेले, आणि गेले ते लेब्रॉन रिंगखालच्या अर्धवर्तुळात (तिथे उभ्या असलेल्या मदतनीस बचाववाल्याला सहसा चार्ज मिळत नाही) होता का हे बघायला. तो आत नव्हताच. घरी बसलेल्यांनी ताडलं, झालं, चार्ज कायम! पण तिथल्या नियमाप्रमाणे त्या तपासणीत पोहोचल्यावर बचाव स्थिती कायदेशीर होती का, हेही बघता येत होतं. पंचांच्या मते लेब्रॉनचं धड वेळेत समोर आलेलं नव्हतं. निर्णय उलटला, ब्लॉकिंग झालं, ड्युरँटने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि 104-104 झाले. सामना जादा वेळेत गेला आणि गोल्डन स्टेटने तो 124-114 असा जिंकला. लेब्रॉनने त्या दिवशी 51 गुण केले होते. त्या शिट्टीवर अजूनही भांडणं होतात. आमच्या मते पंचांनी जागेबद्दल जे ठरवलं ते बरोबर होतं. खटकण्यासारखं काही असेल तर इतकंच, की अर्धवर्तुळाबद्दल फारशी शंका नसताना ते मॉनिटरपर्यंत गेले.

या अर्धवर्तुळाबद्दलचे गैरसमज मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. हे अर्धवर्तुळ का आलं, ते आधी पाहू. मदतीला येणारे बचाववाले चेंडू अडवायचं सोडून थेट रिंगखाली जाऊन उभे राहायचे, उडालेला खेळाडू त्यांच्यावर उतरायचा आणि चार्ज मिळायचा. खेळ मारला जायचा आणि दुखापती व्हायच्या. एनबीएने 1997-98मध्ये तिथे चार फुटांचं क्षेत्र आखलं, फिबाने 2010मध्ये 1.25 मीटरचं. अमेरिकेतल्या शालेय सामन्यांच्या नियमांत ते नाही.

फिबाचा नियम असा: चेंडूवाला अर्धवर्तुळाच्या बाहेरून ड्राइव्ह करत, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे मुसंडी मारत आला, चेंडूवर ताबा ठेवून हवेत आहे, शॉट किंवा पास करतोय, आणि बचाववाल्याचा एक किंवा दोन्ही पाय त्या क्षेत्राला लागलेले आहेत, तर त्या धक्क्यासाठी चार्जिंग द्यायचं नाही. रेषा क्षेत्रातच मोजतात, टाच रेषेवर असली तरी तो आत. पण ‘चार्ज नाही’ याचा अर्थ ‘ब्लॉक आहेच’ असा होत नाही, आणि बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. बचाववाला आत आहे, पण त्याची स्थिती कायदेशीर आहे आणि हात वर करून तो सरळ उभा उडालाय. अशा वेळी धक्का झाला तरी कुणाचाच फाउल नाही, खेळ चालू. ब्लॉकिंग द्यायला बचाववाल्याने काहीतरी चुकीचं केलेलंच असावं लागतं.

आणि ही सूट चेंडूवाल्याच्या हातापायांना नाही. त्याने मोकळ्या हाताने ढकललं, कोपर काढलं किंवा गुडघा छातीवर घातला तर अर्धवर्तुळातही तो आक्रमणाचा फाउल. जमिनीवरच ड्रिबल करत कुणी आत उभ्या असलेल्या बचाववाल्यावर आदळला तरीही चार्जच, कारण तो हवेत नव्हता. ज्याने अर्धवर्तुळाच्या आतच चेंडू घेतला आणि तिथूनच उडाला, त्यालाही हे संरक्षण नाही.

शाळा-कॉलेजांच्या सिमेंटच्या मैदानांवर ही रेषा बऱ्याचदा आखलेलीच नसते किंवा अंदाजाने आखलेली असते. अंदाजाची रेषा नसलेल्या रेषेपेक्षा जास्त भांडणं लावते. आखायची तर अशी: रिंगच्या मधोमध ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. ही खूण शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवी. येत नसेल तर बोर्ड किंवा रेषा चुकली आहे, ते आधी दुरुस्त करा. खुणेपासून दोरीने 1.25 मीटरचं अर्धवर्तुळ मैदानाच्या आतल्या दिशेला काढा. हे माप रेषेच्या आतल्या कडेपर्यंतचं आहे, रंगाची 5 सेंटिमीटर जाडी त्याच्या बाहेर जाते. शेवटी दोन्ही टोकांपासून शेवटच्या रेषेकडे 37.5 सेंटिमीटरच्या सरळ रेषा ओढा. त्या बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागाच्या रेषेत, म्हणजे शेवटच्या रेषेपासून 1.20 मीटरवर थांबतात. आखायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

आता पंचांकडे वळू. चांगल्या पंचाची या प्रसंगातली नजर प्रेक्षकाच्या उलट चालते. प्रेक्षक चेंडू बघतो, पंच बचाववाल्याला बघतो. चेंडूवाला कुठे चाललाय हे सगळ्यांनाच दिसतं, आणि तो जाणार आहे रिंगकडेच. न दिसणारी गोष्ट म्हणजे बचाववाल्याचे पाय कधी टेकले आणि छाती कधी वळली. ती बघायची तर धक्का होण्याआधीपासून बघावी लागते. चेंडूवाला त्याला धरणाऱ्या बचाववाल्याला चकवून सुटतोय असा अंदाज आला, की शेवटच्या रेषेवरच्या लीड पंचाने चेंडू सोडून दुसऱ्या बाजूने मदतीला निघणाऱ्याला नजरेत धरायचं असतं. नवशिका पंच हे विसरतो, धक्क्याचा आवाज आल्यावर बघतो, आणि मग जो पडलाय त्याच्या बाजूने शिट्टी देतो. पडण्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी चूक उभं राहण्याच्या जागेची. दोघे खेळाडू पंचाच्या डोळ्यासमोर एकाच रेषेत आले तर त्याला फक्त एक पाठ दिसते. दोघांमधली फट दिसेल असा कोन हवा. त्यासाठी शेवटच्या रेषेवर डावीउजवीकडे एखाद-दोन पावलं सरकणं पुरतं, पण ती पावलं धक्क्याआधी टाकायची असतात. धावत असताना दिलेली शिट्टी आणि थांबून दिलेली शिट्टी यांच्या अचूकतेत फरक पडतो.

तिसरा घोटाळा दोन शिट्ट्यांचा. एक पंच हात कमरेवर नेतो, दुसरा मूठ तळहातावर आपटतो. अमेरिकेतले पंच याला ब्लॉक आणि चार्ज जोडून ‘ब्लार्ज’ म्हणतात आणि त्याची धास्ती घेतात. उपाय साधा आहे. शिट्टी दिली की मूठ वर नेऊन तिथेच थांबवायची, जोडीदाराकडे बघायचं, आणि ज्याच्या क्षेत्रातला खेळ होता त्यानेच पुढचा संकेत द्यायचा. सामन्याआधीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात हे ठरवून घेतलेलं असलं तर ब्लार्ज होतच नाही. ठरवलेलं नसलं तर तो नेमका अटीतटीच्या क्षणी होतो, कारण तेव्हाच दोघांचेही हात शिवशिवत असतात.

चार्ज दिल्यावर बास्केटचं काय करायचं, यावर गुणलेखकही गोंधळतात. फिबात, धक्का लागण्याआधी चेंडू शॉटसाठी हातातून सुटलेला असेल आणि आत गेला, तर बास्केट धरतात आणि फाउल वेगळा नोंदवतात. अमेरिकी शालेय नियमात हवेतल्या शूटरने चार्ज केला तर चेंडू सुटलेला असला तरी बास्केट रद्द होते. तसंच, चेंडू ताब्यात असताना संघाने केलेल्या साध्या फाउलला फ्री थ्रो नसतात. त्या क्वार्टरमध्ये चार सांघिक फाउल भरलेले असले तरी चेंडू बाहेरूनच दिला जातो.

सरावासाठी नव्या पंचांनी सामन्यांचे व्हिडिओ घ्यावेत आणि चेंडूवाल्याचा शेवटचा पाय जमीन सोडतो त्या चौकटीवर थांबवावेत. धक्का अजून झालेला नाही. आता बचाववाल्याची छाती कुठे आहे, पाय टेकलेत का, तो अर्धवर्तुळात आहे का, एवढंच बघून निर्णय कागदावर लिहावा आणि मग व्हिडिओ पुढे न्यावा. स्लो मोशन मात्र शेवटी बघावं. त्यात बोटभर सरकणंही हातभर वाटतं, आणि ‘हलत होता’ हा जुना आजार परत जडतो.

खोटं पडणाऱ्यांबद्दल थोडक्यात. धक्का नसताना लागल्याचं सोंग आणलं तर फिबाच्या नियमांत ताकीद मिळते आणि पुढे टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्याला एक फ्री थ्रो. एनबीएनेही 2023-24पासून सोंगासाठी सामन्यातच टेक्निकल द्यायला सुरुवात केली. धक्क्याआधी किंचित मागे कलणं हे सोंग नाही. अंग वाचवणं नियमाला मान्य आहे.

ज्यांना चार्ज घ्यायला शिकायचं त्यांनी आधी पडायला शिकावं, आणि सिमेंटवर नव्हे. सुरुवात मॅटवर करावी, नंतर लाकडी मैदानावर. पाय खांद्यांएवढे, गुडघे वाकलेले, दोन्ही हात छातीवर आडवे. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटत नाही. धक्का लागला की आधी बसायचं, नितंबांवर टेकायचं, मग पाठीवर घसरायचं. हात मागे टेकवून स्वतःला सावरायचा मोह होतो, तो आवरायचा. ताठ कोपर आणि मागे टेकलेला तळहात, मनगट मोडण्याची ही नेहमीची रीत आहे. पहिले काही दिवस समोरून येणाऱ्याने चालतच यावं, आणि पडणाऱ्याचे हात आपोआप छातीवर राहू लागल्यावरच वेग वाढवावा.